इब्राहिमभाईंची इटली

इब्राहिमभाई परकार इटलीला कधीच गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी झाली तशी तुमची फसगत नको. मला ते कळायला पुरती दोन वर्षं लागली. तोवर हा माणूस दर उन्हाळ्यात तिकडेच मुक्काम ठोकून असतो, अशी माझी खात्री होती.

रियाधला आम्ही अल मलाझमध्ये राहत होतो. मी सरकारी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट, नवरा श्रीकांत बांधकाम कंपनीत, मुलगा मिहिर इंडियन स्कूलमध्ये. घरापासून चार गल्ल्यांवर, फोटो स्टुडिओ आणि मल्याळी हॉटेल यांच्या मधे, एक ट्रॅव्हल एजन्सी होती. पुढे तिकिटांचं ऑफिस, मागे मालाचं गोदाम. पुढच्या टेबलाशी इब्राहिमभाई बसायचे. पन्नाशी ओलांडलेले, किरकोळ अंगाचे, दाढी नीट कातरलेली, खिशाला दोन पेनं. गाव बाणकोटच्या खाडीकाठी. मी हिंदीत सुरुवात केली, तर पासपोर्टावरचं आडनाव बघून म्हणाले, "मराठीतच बोला डॉक्टरबाई. दिवसभर अरबी नि हिंदी बोलून जबडा दुखतो माझा."

आम्ही तिघं यादी घेऊन गेलो होतो. अकरा दिवसांत आठ शहरं. त्यांनी ती शांतपणे वाचली आणि चष्मा काढून विचारलं, "यातलं बगायचं किती हाय, आणि जाऊन आलो म्हणून सांगायचं किती हाय?"

मला राग आला. तो मला लवकर येतो. तिकिटं काढायला आलेल्या बाईला हे विचारणारा हा कोण, असं मनात आलं. तेवढ्यात असरची बांग झाली. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं, आम्हाला बसा म्हणाले आणि मागच्या गोदामात नमाजाला गेले. परत आले ते प्रश्न घेऊनच. पोरगा सलग किती चालतो? साहेब सकाळी उठतात कधी? मग माझ्याकडे वळून, "तुम्ही मोठ्या इमारतीत शिरलात की आधी समोर बगता का वर?"

"वर," मी म्हटलं. असं काही मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"मग रावेन्ना," ते म्हणाले आणि आमच्या यादीतली सहा शहरं पेनाने खोडून टाकली. सिएना आणि लुक्का ठेवली, रावेन्ना स्वतःच्या पदरची घातली. मिलान आणि व्हेनिस गेलेलं बघून श्रीकांतचा चेहरा पडला. पण आमच्या घरात माझं चालतं आणि त्या टेबलाशी इब्राहिमभाईंचं चालायचं.

त्यांनी करून दिलेलं वेळापत्रक मी अजून जपून ठेवलंय. सुवाच्य मराठीत, सहा पानं. गाडी कितीची, डबा कुठला, पाण्याचा नळ कुठे, सगळं त्यात होतं. आणि रोजच्या पानाच्या शेवटी एक ओळ ठरलेली: 'अर्धा तास. काही करू नये.' कुठे बसायचं तेही लिहिलेलं असायचं. भिंतीकडे पाठ करून की झाडाकडे, एवढ्या तपशिलासकट.

रावेन्नात विटांची एक जुनी समाधी आहे. बाहेरून इतकी साधी, की आमच्या गावाकडचा गोठा तिच्यापेक्षा ऐटदार म्हणावा. पानावर सूचना होती: 'आत गेल्यावर डोळे मिटून पन्नास मोजा. बाहेर ऊन असतं, लगेच काही दिसत नाही. गर्दीत पाचच मिनिटं देतात. म्हणूनच घाई करू नका.' मिहिरने मोठ्याने इंग्रजीत पन्नास मोजले, लोक आमच्याकडे बघायला लागले. मी डोळे उघडून वर पाहिलं. गर्द निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या, आणि दगडाच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्यांतून झिरपणारा पिवळसर उजेड. पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी तिथे वर चढून काचेचा एकेक तुकडा हाताने बसवला होता. मला रडू आलं. का ते विचारू नका. श्रीकांतने आजतागायत विचारलेलं नाही, एवढं त्याचं चांगलं आहे.

मग बाहेरच्या बाकावर अर्धा तास. मिहिर म्हणाला, "आई, डू वी हॅव टू सिट हिअर ओन्ली?" मी म्हटलं, हो, काकांनी लिहिलंय. पहिली दहा मिनिटं तिघांचीही चुळबुळ चालली होती. मग कुठली तरी घंटा झाली, एक बाई सायकलवरून पाव घेऊन गेली, आणि आम्ही तिघंही काही न बोलता बसून राहिलो. आमच्या घरात असं फार क्वचित होतं.

परत आल्यावर हजेरी द्यायची, हा इब्राहिमभाईंचा नियम होता. इतर एजंट तिकीट हातात ठेवलं की तुम्हाला विसरतात. यांच्याकडे खरं काम गिऱ्हाईक परत आल्यावर सुरू व्हायचं. शेजारच्या हॉटेलातून सुलेमानी चहा यायचा, जाड वही उघडायची, आणि उलटतपासणी. चांदण्या कोपऱ्यात बारीक होतात का? नळाला पाणी होतं? आत सोडणारी बाई होती का बुवा, आणि तापट का शांत?

"सिएनाच्या चौकात बसलात?"

"बसलो की."

"मनोऱ्याची सावली कुटवर आली होती?"

त्या अर्ध्या तासात मी चौकाच्या मागच्या गल्लीत चपला बघत होते. इब्राहिमभाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं: 'डॉक्टरबाई बसल्या नाहीत.' एवढी शरम मला माझ्या एमडीच्या तोंडी परीक्षेतही वाटली नव्हती.

अशा शेकडो लोकांच्या हजेऱ्या त्या वहीत होत्या. नर्सा, इंजिनियर, सौदी कुटुंबं, एक निवृत्त शाळामास्तर. कुणी काही नवीन सांगितलं की ते जुनी ओळ खोडून नवी लिहायचे. पण मला हे तेव्हा उमगलं नव्हतं. दोन वर्षांनी दुसऱ्यांदा जाताना मी सहज विचारलं, "तुम्ही शेवटचे कधी गेला होता?"

"कुटं?"

"इटलीला हो."

ते मनापासून हसले. "मी? रियाध नि बाणकोट सोडून माझा पाय कुटं पडलाय डॉक्टरबाई? मदी एकदा मक्केला जाऊन उमरा केला, झालं."

मग हकीगत कळली. ते आले होते गोदामातल्या कामाला, खोकी चढवायला आणि उतरवायला. एक इटालियन इंजिनियर देश सोडून निघाला होता, त्याचं घरसामान बांधायला हे गेले. वजन जास्त झालं म्हणून त्याने पुस्तकांचं एक खोकं बाजूला काढलं आणि यांना म्हणाला, टाकून द्या. इब्राहिमभाईंनी ते खोलीवर नेलं. नुसती चित्रं. गावं, छतं, विहिरी, चौक. "खाली लिवलेलं कळत नव्हतं. मग एकेक नाव विचारत सुटलो," ते म्हणाले. इंग्रजी त्यातून आलं, संगणक त्यातून आला, आणि एक दिवस पुढचा माणूस आजारी पडला तेव्हा कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर यांचा व्हिसा होता त्या मालकाने, यांना गोदामातून उचलून टेबलाशी बसवलं. ते तिथेच राहिले. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यावर, पेशा मात्र तोच राहिला: माल चढवणारा-उतरवणारा कामगार.

"बदलून का नाही घेतला?" मी विचारलं. तेव्हा तसं करता येत होतं.

"कागदावर कायपण असू दे," ते म्हणाले. "काम तर हेच करतोय ना मी."

ही त्यांची चूक. आखातात निम्मी माणसं ती करतात. मीही तेव्हा मान डोलावली, ती माझी.

त्यांच्या अर्ध्या तासावर रागावलेला एक माणूस मी पाहिलाय. गालिच्यांचा सौदी व्यापारी, तावातावाने आत आला. लुक्का गावाला तटबंदी आहे, तिच्यावर चालता येतं, वर मोठाली झाडं आहेत. तिथे त्याची बायको अर्ध्या तासासाठी बसली ती दीड तास उठलीच नाही. मिलानची गाडी चुकली, खरेदी बुडाली. हे सगळं तो टेबलावर बोट आपटत सांगत होता. इब्राहिमभाई मान खाली घालून "माफ करा, माझी चूक" म्हणत राहिले. बोलून बोलून तो दमला, दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "पुढच्या वर्षी ती म्हणते, रोज दोन ठेवा." तो गेल्यावर इब्राहिमभाईंनी वही उघडून विचारलं कुणाला, तर मला: "झाडं कसली असतील वो? त्याला विचारायचं राहिलं."

मग सौदीकरणाची वर्षं आली. सौदी माणसं किती ठेवलीत त्यावरून कंपन्यांना रंग लागले, हिरवा, पिवळा, लाल. आमच्या हॉस्पिटलातल्या नोंदणीच्या खिडक्यांवरचे ओळखीचे चेहरे एकेक करून गेले, आणि प्रत्येक करार संपताना आम्ही डॉक्टरमंडळीही जीव मुठीत धरून असायचो. देश त्यांचा, मुलं त्यांची, नोकऱ्या त्यांना मिळाव्यात यात वावगं काही नव्हतं. तिथे असताना मी स्वतःला हे रोज समजावत होते आणि मला ते पटतही होतं. पण इब्राहिमभाईंच्या टेबलाकडे बघितलं की पटलेलं सगळं पुन्हा विसकटायचं.

एजन्सीत फहद आला. चोवीस-पंचवीसचा, गोड मुलगा. इब्राहिमभाईंना तो 'अम्म' म्हणायचा, म्हणजे काका. वर्षभरात त्याला तयार करायचं आणि टेबल मोकळं करायचं, असं ठरलं होतं. तिकिटांच्या टेबलावरचे पेशे आता सौदींसाठी राखीव झाले होते, त्यामुळे इकाम्यावरचा पेशा बदलायची वाटही बंद झाली. कामगार खात्याचे तपासणीवाले आले की इब्राहिमभाई मागच्या दाराने गोदामात जायचे आणि खरोखर एखादं खोकं उचलून उभे राहायचे. वीस वर्षांनी पुन्हा कागदावरचं काम.

त्यांनी फहदला सगळं शिकवलं. वहीसुद्धा दिली. मी चिडले. "अहो, निदान वही तरी ठेवा."

"मी ठेवून काय करू? खाडीत बुडवू? त्याला लागणार ती."

त्याच दिवसांत त्यांनी मला आणि श्रीकांतला चहाला थांबवून घेतलं आणि जरा लाजतच म्हणाले, "जायच्या आधी एकदा बगून घेतो म्हणतो. नऊ दिवस." गावी गेल्यावर नोकरी नाही, पगार नाही, व्हिसा कोण देणार? जमलं तर इथूनच, आणि आत्ताच. कफील भला माणूस होता. त्याने रजा दिली, एक्झिट-रीएंट्री, म्हणजे बाहेर जाऊन परत यायचा परवाना, काढून दिला, पासपोर्ट हातात ठेवला. अडलं ते व्हिसासाठी मालकाने द्यायच्या पत्रावर. पत्रात पेशा काय लिहायचा? ट्रॅव्हल एजन्सीत सल्लागार म्हणावं, तर इकामा वेगळं सांगतो आणि एजन्सी अडचणीत येते. शेवटी इकाम्यावर होतं तेच पत्रात गेलं: माल चढवणारा-उतरवणारा कामगार. आणि त्या पत्रासोबत जोडलं त्यांनी स्वतःसाठी केलेलं वेळापत्रक.

ते मी वाचलंय. त्यात रोम नव्हतं. रावेन्ना तीन दिवस, लुक्का दोन, आणि ऑर्व्हिएटो, जिथे दोन जिन्यांची एक खोल विहीर आहे, एकाने उतरायचं, दुसऱ्याने चढायचं. रोजच्या पानाच्या शेवटी ती ओळ होतीच.

व्हिसाच्या केंद्रावर त्यांना श्रीकांत गाडीने घेऊन गेला. पुढचं त्याने मला सांगितलं. खिडकीतल्या मुलीने सगळी पानं उलटून पाहिली. बोलायला नम्र होती. "हे फार सुंदर आहे," ती म्हणाली. "कुणी करून दिलं?"

मी केलं, असं इब्राहिमभाईंना म्हणता येईना. तसं म्हणायचं तर ते टेबल सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, "ऑफिसने."

"तुम्ही गोदामात काम करता?"

"हो."

"आणि रावेन्नात तीन दिवस राहणार? एकटे?"

"हो."

"तिथे काय करणार?"

श्रीकांत म्हणतो, ते नुसते उभे राहिले. गेली वीस वर्षं हा प्रश्न जगाला विचारत आलेल्या माणसाला त्याचं उत्तर देता येईना.

पंधरा दिवसांनी नकार आला. प्रवासाचा हेतू विश्वासार्ह वाटत नाही, अशा अर्थाच्या ओळीसमोर खूण होती. कुणाला दोष देऊ? कागद बघून निर्णय करणाऱ्याने कागदच बघायचे. मी माझा राग इब्राहिमभाईंवर काढला. "कशाला लिहिलंत ते 'काही करू नये'? मिलान लिहायचं, खरेदी लिहायची, चार दिवसांची एखादी ठरावीक टूर लिहायची! शेकडो लोकांचे अर्ज भरलेत तुम्ही, कळत नव्हतं?"

"कळत होतं," ते म्हणाले. "पण माझ्या नावावर एकच तर कागद होता डॉक्टरबाई. त्यात पण खोटं लिवू?"

मी घरी येऊन भांडी आपटली. त्यापलीकडे मला करता येण्यासारखं काही नव्हतं. ओळखीच्या दोघातिघांना फोन केले, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली.

ते कायमचे गावी परतले त्याच्या आठच दिवस आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. मी मुंबईची तिकिटं घ्यायला गेले होते. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. ते टेबलाशी, फहद बाजूला. इतक्यात काचेतून फहदला तपासणीची गाडी दिसली. इब्राहिमभाई सवयीने मागच्या दाराकडे वळले, तर त्या बाजूनेही एक जण आत येत होता. फहदने त्यांना कोपराला धरून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः टेबलामागे जाऊन बसला.

तपासणीस आत आला. अंगात पांढरा पायघोळ थोब, हातात फाइल, वागायला शांत. "हा कोण?"

"गिऱ्हाईक," फहद म्हणाला.

त्याने इकामा मागितला असता तर सगळं खलास होतं, त्यावर याच कफीलचं नाव होतं. त्याने मागितला नाही. तो फहदच्या मागे जाऊन पडद्याकडे बघत उभा राहिला. फहदने घसा साफ केला. "हं, अम्म. कुठे जायचं म्हणालात?"

मला वाटलं, ते मुंबई म्हणतील.

"इटली," इब्राहिमभाई म्हणाले.

"किती जण?"

"एकटाच."

"नाव?"

त्यांनी नाव सांगितलं, फहदने ते भरलं. आणि मग ते बोलू लागले. अरबीत, आधी चाचरत, मग थांबेनात. बोलोन्याला उतरेन. तिथून छोट्या गाडीने जाईन, उजव्या बाजूला बसेन. पहिल्या दिवशी मी काही बघणार नाही, नुसता चालेन. गेली इतकी वर्षं त्यांच्या तोंडून 'तुम्ही जा, तुम्ही बसा' असंच ऐकलं होतं. 'मी जाईन, मी बसेन' हे पहिल्यांदा ऐकत होते. फहद एकेक ओळ टाइप करत होता, मान वर न करता. तपासणीसाने फाइल काखेत धरली आणि तोही ऐकू लागला.

नऊ दिवस संपले. तपासणीसाने विचारलं, "तुम्ही जाऊन आलाय?"

"नाही."

"मग एवढं कसं माहीत?"

इब्राहिमभाईंनी फहदकडे बोट दाखवलं. "या मुलाने सांगितलं."

तपासणीस खूश झाला. फहदच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "शाबास. अशीच मुलं हवीत आपल्याला." फहदचे कान लाल झाले. मग तपासणीसाने खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. हाच प्रवास त्याला हवा होता, जसाच्या तसा, तो, त्याची बायको आणि आई. सुट्टीत. उद्या फोन करतो म्हणाला, आणि मागच्या दाराने आलेला माणूस नि तो, दोघं गेले.

गाडी गल्लीतून वळेपर्यंत आम्ही तिघं हललो नाही. इब्राहिमभाई माझ्या शेजारच्या खुर्चीतच बसून होते. समोरची खुर्ची रिकामी करायला फहद अर्धवट उठला, त्यांनी हातानेच त्याला बस म्हटलं.

फहद पडद्याकडे बघत राहिला. हळूच म्हणाला, "अम्म, वर अजून तुमचंच नाव आहे. काय करू?"

"काढ. त्यांचं टाक," इब्राहिमभाई म्हणाले. "आई बरोबर आहे, तिला विहीर नको, त्या दिवशी लुक्कालाच ठेव." फहदने मान हलवली, कार्ड जवळ ओढलं आणि अक्षरं शोधू लागला. इब्राहिमभाई पुढे वाकले आणि त्यांनी ते कार्ड त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवलं.

"कार्डावरून नको. पासपोर्ट मागव त्यांचा. नावात एक अक्षर चुकलं तरी माणसाला जाऊ देत नाहीत."